दादाच्या चित्राला हार

रविवारी दुपारी छावणी भागातल्या एका हॉलमध्ये माझ्या भावाला मारून टाकण्यात आलं. शब्द जपून वापरतेय, गैरसमज नको...

आमच्यासारख्या रिटायर्ड मंडळींसाठी तिथे एक कोर्स चालतो. ‘मानव्यविद्यांची ओळख आणि कलेचं स्वरूप’. नाव इतकं भारदस्त की अर्धे लोक ते फक्त सुनेला ऐकवता यावं म्हणून येतात. शिकवणारे सर मात्र बरे आहेत. तरुण आहेत, पण ढोंग करत नाहीत.

या वेळी सरांनी सांगितलं होतं, घरातली एक अशी वस्तू आणा जी तुमच्या मते कला आहे. कुणी गोधडी आणली, कुणी लग्नातली हिमरू शाल. मी दादाचं चित्र नेलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मी शाळेत असताना तो आखातात नोकरीला जातो म्हणून घरातून निघाला, आणि पुढे त्याचं काय झालं ते आजतागायत कळलं नाही. ना पत्र, ना निरोप. जाण्याआधी शहागंजातल्या त्याच्या दोस्तानं, दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो, दादाचं ऑइल पेंटमध्ये चित्र काढून दिलं होतं. तेवढंच आमच्याकडे उरलं.

आईनं ते बैठकीत लावलं आणि नियम केला... या चित्राला हार घालायचा नाही. हार गेलेल्यांना असतो. हा ‘गेलेला’ नाही, बाहेरगावी गेलाय. पुढे आई गेली, तिच्या फोटोला हार आला. शेजारी दादा तसाच, मोकळा. आईनंतर नियम मी सांभाळला.

या चित्राची एक खोड आहे. त्यातले डोळे माणसामागे फिरतात. हॉलमध्ये सगळ्यांनी चालून बघितलं. डावीकडून, उजवीकडून, वाकून... दादा प्रत्येकाकडे बघत होता. बायका ‘अगंबाई’ म्हणून तोंडावर हात ठेवत होत्या.

सर म्हणाले, यात जादू नाही. चित्रातला माणूस सरळ समोर बघत असला की कुठूनही तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, कारण चित्र सपाट असतं. मला पटलं. मी कॉन्व्हेंटची. भुताखेतांचं नाव काढलं तर सिस्टर पट्टी हाणायच्या.

आम्ही चहाला बाहेर गेलो. परत आले तर दारातच अंगावर काटा आला. आधी कारणच कळेना... हॉल तोच, ऊन तेच, वस्तू जागच्या जागी. मग लक्षात आलं. मी आत आले आणि माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

हार त्यानंतर दिसला. मोगऱ्याचा, ओला, ताजा.

“हे कुणी केलं?” माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा.

कमलताई पुढे आल्या. गंगापूरकडच्या बाई, लेकाकडे राहतात, वर्गात कधी तोंड उघडत नाहीत. “म्या घातला, ताई. एवढं देखणं माणूस, अन् तसंच ठिवलेलं. लई कसंतरी वाटलं बघा. कोपऱ्यावरून आणला.”

“माझा भाऊ मेलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? पेपरात वाचलंत? का वर जाऊन भेटून आलात?”

त्यांचा चेहरा उतरला. “चुकलं माझं,” म्हणाल्या. मग अगदी साधेपणानं विचारलं, “मंग कुठं असत्यात व्हय त्ये?”

सगळी पिकली डोकी माझ्याकडे वळलेली. आणि मला तिथे उभ्या उभ्या कळलं, की हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नाही. बाहेरगावी म्हणजे कुठे... आईलाही कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःलाही नाही.

मी हार खसकन काढला. मुद्दाम चित्रासमोरून चालले. डोळे माझ्यामागे आले नाहीत. उलट फिरून चालले. नाहीत. दादा माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, दूर कुठेतरी... स्टेशनवर गाडी हलल्यावर माणसं बघतात तसं.

“सर, आता बोला. सपाटच आहे ना अजून?”

सर दोनदा इकडून तिकडे चालले. म्हणाले, ऊन सरकलं असेल, काकू. मग परत चालले. मग म्हणाले, “मला माहीत नाही.” हॉलमध्ये कुणाला तरी थंडी वाजली, पंखा बंद केला.

सर नेहमी सांगतात, चित्र रंग वाळला म्हणून पूर्ण होत नाही, बघणारा ते पूर्ण करतो. मी मनात म्हणायचे, हो का, मग पेंटरला पैसे कशाला द्यायचे. पण त्या दिवशी वाटलं, आम्ही दोघींनी, आईनं आणि मी, हे चित्र कधी पूर्णच होऊ दिलं नव्हतं. तो जायला निघालेला होता आणि आम्ही त्याला नजरेनं धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं तो बघत होता, की सोडा म्हणत होता... कोण जाणे.

कमलताई कोपऱ्यात पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, “तुमचा हार एका बाजूनं लांब येत होता. उठा, धरा तिकडून.” आम्ही दोघींनी मिळून तो घातला.

आमच्यात कुणी गेल्याची बातमी कितीही उशिरा कळली, तरी कळली त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करतात. रविवारी संध्याकाळी घरी येऊन मी ती केली. बराच वेळ पाणी घेत राहिले...

अशी बातमी आणणाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही. कमलताई, मी मानते.