दोन हजार पाचशे चौदा साली जन्मलेला

इस्फहानच्या कबरस्तानाबाहेर उस्ता हैबतुल्ला चाळीस वर्षं कबरीचे दगड कोरत होता. इराणच्या शहानं सगळे पक्ष मोडून आपला एकच पक्ष काढला, ज्याला पसंत नसेल त्यानं पासपोर्ट घेऊन चालतं व्हावं असंही सुनावलं, तेव्हा उस्ता पहिल्याच दिवशी मुकाट्यानं रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचा एकुलता एक मुलगा यहिया शहाविरुद्ध बोलल्यावरून तुरुंगात होता. पक्षाच्या वहीत सही केली, मिरवणुकीत शहाची तसबीर मिरवली, तर पोरगा सुटेल, एवढीच वेडी आशा. पुढच्या वसंतात यहियाचं प्रेतच मिळालं. अपेंडिक्सनं गेला, असं तुरुंगवाल्यांनी सांगितलं.

त्याच वसंतात हुकूम निघाला, की सौर हिजरी सन बंद, आता वर्षं मोजायची ती इराणच्या पहिल्या बादशहापासून. तेराशे पंचावन्नचं एका दिवसात दोन हजार पाचशे पस्तीस झालं. दगड बसवायलाही पक्षाच्या शाखेची परवानगी लागे. शाखेतला अरफई जुना ओळखीचा. नजर चुकवत तो म्हणाला, "उस्ता, जन्माचं सालही नवंच घाल. नाहीतर एकविसाव्या वर्षी गेलेला पोरगा बाराशे वर्षं जगलेला दिसेल. टिंगल केलीस म्हणून आधी मला धरतील."

उस्तानं कोरलं, जन्म २५१४, मृत्यू २५३५. आकडे नेहमीसारखेच रेखीव उतरले, आणि ते कोरणाऱ्या हाताचीच त्याला किळस आली.

गुरुवारी, कबरींना भेट द्यायच्या दिवशी, दुपारी त्याची बायको गौहर कबर धुवायला गुलाबपाणी घेऊन आली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. दगडावरचे आकडे तिनं एकेक करून वाचले.

"हा कोण?"

"आपला यहिया."

"माझा यहिया तेराशे चौतीस सालचा. हा माझा नव्हे. जिवंतपणी तो त्यांच्या वहीत गेला नाही, अहो, मेल्यावर तुम्ही घातलात."

दगडाला बोटं टेकवून मेलेल्यासाठी फातिहा म्हणायचा, तोही तिनं म्हटला नाही. चार रांगा पलीकडे कुणा अनोळखी म्हातारीची जुन्या सालाची कबर होती. दर गुरुवारी गौहर तीच धुई आणि तिथंच बसून रडे. उस्ता लांबून बघत राही. जवळ जायचं त्याला तोंड नव्हतं.

दोन वर्षांनी शहाची खुर्ची डगमगू लागली आणि जुना सन परत आला. अरफईच सांगायला आला. उस्तानं त्याच दुपारी नवे आकडे घासून काढले आणि जुने कोरले. बघायला गौहर नव्हती. ती आदल्याच हिवाळ्यात गेली होती, आणि तिच्याच शब्दाखातर त्यानं तिला पोरापासून चार रांगा दूर, त्या म्हातारीशेजारी पुरलं होतं.