माकूल पुन्हा कापताना

मुलुंड ते वेसावे याला कुणी प्रवास म्हणत नाही. मला तो करायला सव्वीस वर्षं लागली.

बसने घाटकोपर, तिथून मेट्रो. नलिनीशी बोलायचं पहिलं वाक्य मनात जुळवत होतो, त्या नादात साकीनाक्यालाच उतरलो. खाली वर्कशॉपच्या ठिणग्या दिसल्या तेव्हा चूक कळली. टपरीवर चहा-खारी घेतली. चहावाल्याने विचारलं, वेसाव्याला जायचं तर इथे कशाला उतरलात? मी पैसे ठेवून पुन्हा मेट्रो धरली.

नलिनी कॉलेजात माझ्या वर्गातली, हिंगोलीकडची. समुद्र तिने पहिल्यांदा इथेच पाहिला आणि थेट माकुलाच्या (दहा हातांचा, शाई सोडणारा मऊ जीव) प्रजननावर प्रबंध घेतला. कोणत्या महिन्यात किती माद्या अंड्यांवर येतात, ते तिला शोधायचं होतं. मी तिचा मदतनीस. बंदरावरून माकूल आणायचे, कापायचे, नर की मादी ते वहीत लिहायचं.

पोटात दोन लांबट पांढरे गोळे दिसले की ते वृषण समजून मी 'नर' लिहायचो. भरलेली गाभोळी (अंडी) दिसली तरच 'मादी'. मोसम संपताना एकदा मासळी बाजारातल्या हिरामावशी माझी वही आणि कापलेला माकूल बघून हसल्या.

"मास्तर, नर कसला? मादी हाय ती. या दोन पिशव्यांतला चीक अंड्यांना गुंडाळतो. अंडी मागं हायेत, अजून बारीक."

त्या दिवशी पुस्तक काढून पाहिलं. मावशींचं खरं होतं. नराचं वृषण एकच असतं, तेही मागच्या टोकाला. शेकडो माद्या मी नर करून ठेवल्या होत्या, आणि कापलेलं सगळं केव्हाच फेकून दिलं होतं.

मी गप्प बसलो. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर नलिनीला विचारलं, माद्या गेल्या कुठे? मी शेजारीच होतो, वही मांडीवर घेऊन. पुढे तिने प्रबंध सोडला आणि अंधेरीत शाळेवर लागली.

भेटायचंय म्हणून फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, रविवारी मासळीला जाते, तिथेच ये. रिक्षातून उतरलो तर कापडी पिशवी घेऊन उभी. केस पांढरे. माझं जुळवलेलं वाक्य आलंच नाही. ओल्या फरशीवर उभ्या उभ्या सगळं उलटसुलट सांगितलं.

"सगळ्याच?" तिने विचारलं.

"भरलेल्या सोडून."

ती समोरच्या कोळणीच्या टोपलीतून माकूल निवडू लागली. "अव्या, मला वाटायचं मीच माकूल चुकीच्या जागेवरून घेतले. इतकी वर्षं हेच वाटत होतं रे."

कोळीण माकुलाचं डोकं ओढून साफ करायला निघाली, तेवढ्यात नलिनीने तिला थांबवलं. नऊ माकूल अख्खेच पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

"घरी नेऊन काप. एकेक. मग फोन कर."

गळती पिशवी घेऊन मेट्रोत शिरायचा धीर झाला नाही. दोन बस बदलून मुलुंड. दोन्हींत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बायको बघतच राहिली. लग्नापासून मी घरात माकूल येऊ दिला नव्हता.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. पहिल्याच्या पोटात दोन पांढरे गोळे. सुरी थांबली. मागे पाहिलं, तर बारीक दाणेदार अंडी. मादी. असे आठ झाले: पाच माद्या, तीन नर. नववा बोटाएवढा होता. खिडकीशी नेला, भिंग लावलं. मागच्या टोकाला फक्त एक पुसट धागा. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

"पाच माद्या, तीन नर," मी फोनवर सांगितलं. "एकाचं कळत नाही."

"तसंच लिहिलंस?"

"हो."

"मग बरोबर. पोर आहे ते. या वयात नुसतं कापून बघून कुणालाच कळत नाही."

तिने फोन ठेवला. त्या जुन्या वहीत 'कळत नाही' असं मी एकदाही लिहिलं नव्हतं. तिने मला माफ केलं का, त्यापुढेही आज तेच लिहावं लागेल.