कशावरून बाई

शाळेत त्यांना सगळे 'कशावरून बाई' म्हणत. त्या भूगोल शिकवायच्या आणि आठवड्यातून एकदा पाचवीच्या मुलांना संगणकाच्या खोलीत नेऊन इंटरनेटवरून जग दाखवायच्या. अमक्या देशात असं असतं म्हणून कोणी सांगितलं, की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशावरून?" मग त्याने आणखी दोन ठिकाणी शोधायचं. घरीही तीच तऱ्हा. शेजारची सून रुसून माहेरी गेली, एवढं म्हणायचीही सोय नव्हती. सासूबाई हल्ली असल्या बातम्या परस्पर लेकालाच सांगत.

त्या वर्षी वर्गाच्या वाट्याला नॉर्वे आला. पहिल्याच तासाला एका मुलीला फोटो सापडला: पाठीवर दप्तरं घेऊन, पायांना स्की बांधून बर्फावरून घसरत निघालेली पोरं. बाई त्या फोटोवर इतक्या खूश झाल्या, की नेहमीचा प्रश्न विचारायचाच राहिला. तक्त्यावर ठळक अक्षरांत वाक्य चढलं, 'नॉर्वेतली मुलं शाळेत स्कीवरून जातात.'

पुढे तिथल्या एका शाळेशी व्हिडिओ कॉल ठरला. मुलांनी मोठ्या तोऱ्यात तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडच्या वर्गानेही आपला तक्ता धरला. त्यावर पाण्याने भरलेला रस्ता आणि होडीत दाटीने बसलेली माणसं. खाली लिहिलेलं, 'भारतातली मुलं होडीतून शाळेत जातात.'

इकडचा वर्ग खवळला. तो फोटो मागच्या पुरातला होता. एक फोटो बघितला आणि दिलं ठोकून, अशी तक्रार वर्गाच्या मॉनिटरने बाईंकडे केली. तेवढ्यात पडद्यावरची एक मुलगी लाजत म्हणाली की ती बसने येते, आणि स्कीवर उभी राहिली तर हमखास आपटते.

मुलांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी तक्त्याकडे.

"माझंच चुकलं," बाई म्हणाल्या. "फोटो फार गोड होता हो."

मग मात्र दोन्हीकडे खसखस पिकली आणि कोण शाळेत कसं येतं याच्या चौकशा सुरू झाल्या. इकडची एक जण काकाच्या दुधाच्या गाडीतून यायची. तिकडचा एक मुलगा बेटावर राहायचा आणि खरोखरच बोटीने यायचा.

नव्या तक्त्यात 'काही जण', 'बहुतेक', 'एका मुलीच्या म्हणण्यानुसार' यांची इतकी गर्दी झाली, की मुख्याध्यापक वाचता वाचता थांबले.

"बाई, नॉर्वे तरी नक्की आहे ना?"

"आहे," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "आम्ही बोललोय त्यांच्याशी."