जाँचवाल्या मावशींचं पुरण

दोन माणसं भेटली की आमच्याकडे "जेवण झालं का?" असं विचारायची पद्धत आहे. जाँचवाल्या मावशी "जाँच झाली का?", म्हणजे तपासणी झाली का, असं विचारायच्या. लग्नाच्या मांडवात विचारायच्या, बारशाच्या पाळण्याजवळ विचारायच्या, आणि एकदा तर सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी संकल्पाच्या आधी विचारलं. गुरुजींना वाटलं साखरेची. ते म्हणाले, "हो, मागच्याच आठवड्यात. जरा वाढली आहे." मावशी म्हणाल्या, "ती नाही जी. एचआयव्हीची." त्या दिवशी पूजा फार लवकर आटोपली.

मावशी सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होत्या. येणाऱ्याला समजावायचं, रक्त द्यायला तयार करायचं आणि निकाल सांगायचा, हे त्यांचं काम. पण दवाखाना पाच वाजता बंद व्हायचा आणि मावशी व्हायच्या नाहीत. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात एखादं लग्न जुळलं की त्या मुलीच्या बापाला गाठायच्या. "छत्तीस गुण जुळले? अच्छा. शनी-मंगळ दोघांचे बघता, मग रक्त काहून नाही बघत?" असे किती बाप मावशींना पाहून मागच्या दारानं गेले असतील, ते मी सांगू शकतो. दार माझ्या खुर्चीजवळच होतं.

कारण मी मंडळाचा सचिव होतो. आपल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दिवंगत सभासदांवर चार ओळी लिहायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. "मनमिळाऊ स्वभाव, समाजकार्याची आवड" असं मी सगळ्यांबद्दल लिहितो, मावशींबद्दलही लिहून पाठवलं होतं. ते छापू नये असं संपादकांना कळवून आता हे लिहितो आहे. मनमिळाऊ तर त्या नव्हत्याच. पत्त्यांत उघड उघड लबाडी करायच्या आणि पकडल्या गेल्या की समोरच्याचा चष्मा बदलायला सांगायच्या. पण त्या चार ओळी मागे घ्यायचं कारण ते नाही.

मावशींच्या केंद्राची खोली एक्स-रेच्या खोलीला लागून होती. पहिली काही वर्षं तिथं कोणी फिरकेना. दारावरची पाटी वाचली की माणसं पावलं उचलून पुढं जायची. मग मावशींनी मागे लागून पाटी काढायला लावली आणि एक्स-रेच्या व्हरांड्यातून एक दार उघडून घेतलं. "लोकांनी विचारलं तर सांगा, फोटो काढाले आलो होतो." त्यानंतर केंद्रात गर्दी होऊ लागली, आणि जबलपूरच्या माणसांची हाडं एवढी कशानं ठिसूळ झाली, याची चर्चा चहाच्या टपरीवर बरेच दिवस चालली.

मंडळाच्या बायकांसाठी त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माहितीचा कार्यक्रम ठेवला होता. दवाखान्यातला लाकडी नमुना आणायला विसरल्या, म्हणून मंडळाच्या स्वयंपाकघरातलं लाटणं घेतलं आणि निरोध कसा वापरायचा ते त्यावर दाखवलं. शेवटी स्वयंपाकघराच्या प्रमुख पांढरीपांडेकाकू म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर एक विचारू? हे लाटणं आता पोळ्यांना वापरायचं का?"

"धुऊन वापरा की," मावशी म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी वाण म्हणून प्लॅस्टिकच्या साबणदाण्या लुटल्या. प्रत्येक साबणदाणीत साबणाच्या खाली निरोधचं एकेक पाकीट होतं. बहुतेक घरांत त्याचं काय झालं ते कळलं नाही. पांढरीपांडेकाका मात्र ते शांपूचं पाऊच समजून न्हाणीघरात घेऊन गेले, एवढं सगळ्या मंडळाला कळलं. काकू मावशींशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पुढं मावशींनी "एड्स कशानं पसरत नाही" या विषयावर प्रश्नमंजूषा घेतली, तेव्हा पहिलं बक्षीस काकूंनीच मिळवलं. एका ताटात जेवल्यानं पसरत नाही, हात मिळवल्यानं पसरत नाही, डास चावल्यानं पसरत नाही. काकूंना सगळं तोंडपाठ होतं.

मावशींना एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे पुरणाचा. गणपतीच्या महाप्रसादाचं पुरण त्याच शिजवायच्या. कोणी जवळ आलं की हाकलायच्या. "इथं सगळ्या जबलपुरात हलवे करून राहिले लोक आणि म्हणतात पुरण. बापा, पुरणात चमचा उभा राहाले पाहिजे, सॅल्यूट केल्यासारखा." गणपतीच्या त्या दिवसांत मावशी कोणालाही जाँच झाली का असं विचारत नसत. पोळी कशी झाली, एवढंच विचारत आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत.

आता माझं.

मला बरेच महिने बारीक ताप येत होता, वजन उतरत होतं. मला संशय आला होता. हे मला कुठून आलं हे लिहिताना "ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं" असं लिहायचा मोह झाला. ऑपरेशन झालं होतं, रक्त चढवलं नव्हतं. पत्नी गेल्यानंतर रिछाईच्या ज्या कारखान्यात नोकरीला होतो, त्याच्या कामानं मी बाहेरगावी जायचो आणि तिथं एकट्या माणसाला जे सुचू नये ते मला सुचलं. एवढं पुरे.

भर मे महिन्यात मी स्कूटर नेपियर टाउनमध्ये एका दाताच्या दवाखान्यासमोर लावली, तिथून ऑटोनं सरकारी दवाखान्यात गेलो आणि एक्स-रेच्या व्हरांड्यातून मावशींच्या खोलीत शिरलो. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. काच खाली. नाव विचारलं तेव्हा आवाज बदलून रामलाल असं सांगितलं.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसा रामलालजी. हेल्मेट काढा. रक्त डोक्यातून नाही काढत आम्ही."

मी काढलं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, पायात मंडळाच्या सहलीला घेतलेल्या चपला आहेत. घामानं मराल, काढा."

निकाल सांगताना त्या खुर्ची माझ्या बाजूला घेऊन बसल्या. मी मरणार का, असं विचारलं. "मरणार तर. मी पण मरणार. पण याच्यानं मरायचे दिवस गेले आता. मी या खोलीत आली तेव्हा माझ्यापाशी द्यायला फक्त चहा होता, भाऊ. माणूस रडे, मी चहा देई. आता सरकार गोळ्या देऊन राहिली, त्याही फुकट. रोज घ्यायच्या, रोज म्हणजे रोज. एकादशीलाही." हे कसं झालं, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, "ते राहू द्या. आता काय करायचं ते विचारा."

गोळ्या मेडिकल कॉलेजमधून मिळायच्या. ठरलेल्या तपासण्यांना मला जावंच लागे, पण मधल्या महिन्यांत त्या रांगेत उभं राहायचा मला धीर नव्हता. तेव्हा मावशी माझ्या डब्या आणून जबलपुरातल्याच गोरखपूर भागात माझ्या घरी पोचवायच्या. वर रात्री नऊला, गोळीच्या वेळेला, मिस्ड कॉल द्यायच्या. मंडळात गाण्याचा कार्यक्रम असला तर व्यासपीठावरून माझ्याकडं बघून आवंढा गिळायच्या. गायकाला वाटायचं बाई भारावल्या.

दोन-तीन वर्षांनी रक्तात विषाणू सापडेनासा झाला. मी पेढे आणले. मावशींनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "गेला नाही तो. जावयासारखा आहे. घर सोडत नाही, नुसता झोपून आहे. गोळ्या बंद केल्या की उठून बसते आणि जेवाले मागते." त्या जावयाला झोपवून मी आज पंचाहत्तरी ओलांडली आहे. कित्येक निरोगी मित्रांवरच्या चार ओळी या स्मरणिकेत मी लिहिल्या.

हे सगळं ज्या वर्षी बिघडलं, त्या वर्षी गणपतीत मावशी मेडिकल कॉलेजमधून सरळ मंडळात आल्या होत्या. पिशवी खुंटीला लावली आणि पुरणाला बसल्या. कोणाचा तरी धक्का लागून पिशवी पडली आणि तिच्यातली गोळ्यांची डबी घरंगळत पुरणयंत्रापाशी गेली. काकूंनी ती उचलली. काकूंचं चष्म्यावाचून चालत नसे, आणि नेमका त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी डबीवरचं औषधाचं नाव वाचलं. मावशींनीच हॉलमध्ये भाषण देताना त्यांना ते नाव शिकवलं होतं.

"या कोणाच्या?" काकूंनी विचारलं.

मी नारळांची टोपली घेऊन दारात उभा होतो. मावशींनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. पुरण ढवळत म्हणाल्या, "माझ्या पिशवीत आहेत ना? मग माझ्याच."

मग काकू पुढं झाल्या, मावशींच्या हातातून उलथनं काढून घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दमल्या असाल. बसा जरा." मी टोपली खाली ठेवली आणि नारळ मोजायला लागलो.

पुढच्या वर्षीपासून मावशी बसूनच राहिल्या. त्यांना दारात गुलाबपाणी शिंपडायचं काम दिलं. त्यांच्या पंगतीत शेजारची पानं रिकामी राहायची. त्यांनी घरून कधी काही करून आणलं तर काकूंचा त्या दिवशी उपवास असायचा, महाप्रसादाच्या दिवशीसुद्धा.

मी मावशींच्या घरी गेलो, म्हणालो, मी सगळ्यांना खरं सांगतो. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "सांगाल आणि मग लाजेनं मंडळात येणं बंद कराल. मग घराबाहेर पडणं बंद. मग गोळ्या बंद. मी पाहिले असे. तुम्ही गप बसा आणि गिळा." काकूंबद्दल म्हणाल्या, "तिच्या डोक्याले सगळं माहीत आहे. हाताले नाही अजून. हाताले वेळ लागते."

मावशींनी गप्प बसायला सांगितलं, हे खरं. ते ऐकून मला किती हलकं वाटलं, हेही खरं. त्यानंतर मी पुन्हा कधी विचारलं नाही. दर गणपतीत त्या माझ्या घरी पुरणपोळ्या घेऊन यायच्या, समोर बसून मला खायला लावायच्या आणि म्हणायच्या, "तारीफ करा. आता तुम्ही एकटेच आहात करायले." मी तारीफ करायचो. पोळीवर लागेल त्याहून जास्त तूप घ्यायचो.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. पक्षाघातानं. रक्तदाबाच्या गोळ्या त्या स्वतः कधी नीट घेत नसत. दुसऱ्यांच्या गोळ्यांतून वेळ मिळत नाही म्हणायच्या. मंडळाच्या शोकसभेत माझ्या मागे बसलेला एक गृहस्थ बायकोला हळूच म्हणाला, "आखिर उसी बीमारी में गई." बायकोनं मान डोलावली. मी व्यासपीठावर जाऊन मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोललो.

त्यानंतर मात्र मला गोळी घेताना पाणी पुरेना. एका दुपारी मी पांढरीपांडेकाकूंकडे गेलो. त्या आता एकट्याच असतात. माझ्या तोंडून हे सगळं बाहेर पडायला बराच वेळ लागला.

मग काकू म्हणाल्या, "तुमच्या आजाराचं मला काही नाही. मला थायरॉईड आहे, गुडघे गेलेत, आमचे हे होते तेव्हा त्यांना शुगर. सगळ्यांचंच काही ना काही चालू आहे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, तो आणखीच खराब झाला. "पण इतके गणपती मी तिच्या हातचं खाल्लं नाही, ते तुमच्यामुळं?"

"हो," मी म्हणालो.

"आणि खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. तिला असतं तरी झालं नसतं. मला तर बक्षीस मिळालं होतं त्याचं." मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यामुळं नाही. माझ्यामुळंच."

काकू उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या. मावशींची मुलगी इथंच राहते ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं इतकी वर्षं आमच्या दोघांचे नमस्कार फार थंडपणे घेतले, ते का, हे आता आम्हा दोघांनाही कळत होतं.

"ऑटो बोलवा," काकू म्हणाल्या. "मी एकटी जाणार नाही आणि तुम्हालाही एकटं जाऊ देणार नाही. तुम्ही रस्त्यातून परत याल."

ऑटोत त्या एका बाजूला सरकून, समोरची दांडी धरून बसल्या. गोरखपूर बाजार मागे पडला. मग म्हणाल्या, "आधी तुम्ही बोलायचं. तुमचं झालं की मी."

मी मान हलवली.

"आणि तिनं खायला काही समोर ठेवलं," काकू म्हणाल्या, "तर नको म्हणायचं नाही. दोघांनीही."