पालखीच्या दिवशी मोजलेले प्रवासी

कसं सांगावं तुम्हाला! अहो, गावाची एसटी वाचवायला निघालो आणि मीच ती बंद पाडून बसलो. हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे!

आमचं गाव रेवदंड्याहून आत. सकाळी सातला अलिबागची एकच गाडी. तीही बंद करणार म्हणे, कारण गावात प्रवासीच उरले नाहीत! पोरं पनवेल-ठाण्याला गेली हे खरं, पण मागे राहिलेले आम्ही म्हातारे काय भुतं आहोत? शेजारच्या यमुनाकाकूला दर मंगळवारी अलिबागला दवाखान्यात जावं लागतं. तिनं काय चालत जायचं?

मी तडक डेपो गाठला. साहेबांच्या टेबलावर हात आपटला.

"कागदावर काय मोजता? गावात येऊन मोजा!"

"सांगा, कधी येऊ?" साहेब शांतपणे म्हणाले.

इथे माझी हुशारी आडवी आली. शिमग्याच्या पालखीला सगळे मुंबईकर झाडून गावात येतात. मी नेमका तोच दिवस सांगितला, मंगळवारच होता. वर घरोघरी फोन केले, "यायचंच! गाव भरलेलं दिसलं पाहिजे!"

आले हो सगळे! पण प्रत्येक जण स्वतःची गाडी घेऊन! आणि अंगणात पालखी नाचणार म्हणून सगळ्यांनी अंगणं मोकळी करून गाड्या रस्त्यावर लावल्या.

साहेब सातच्या एसटीनंच आले. एसटी वेशीतच अडकली. वळायच्या जागेवरही एक पांढरी गाडी आडवी.

"कोनाची हाय ही? काढा पयली!" कंडक्टर ओरडला.

मीही तावातावानं ओरडलो, "कोण हा शहाणा? अक्कल आहे का?"

काकू पिशवी घेऊन एसटीची वाट बघत तिथेच उभी होती. "आरं बाला, तुजीच हाय ती! कालच पोरानं नाय का दिली तुला?"

खरंच की! पहाटे मीच ती तिथे लावली होती.

साहेबांनी वहीत लिहिलं, 'प्रवासी एक. मोटारी घरटी एक.' झालं! महिन्याभरात एसटी बंद.

आता दर मंगळवारी काकूला मीच अलिबागला नेतो आणि वाटभर त्या डेपोला शिव्या घालतो. परवा मला जरा उशीर झाला. काकू फाटकात ताटकळत उभी.

"यष्टी बरी व्हती रं," गाडीत बसता बसता ती म्हणाली. "टायमावर यायची, आनि डायवर गप असायचा!"