जिभेखालची गोळी

सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात आला, म्हणाला, "बाई, घरी बोलावलं." त्याचा चेहरा पाहूनच हातातला खडू खाली ठेवला... मामाजी गेले होते. माझे सासरे. दीड महिना झाला त्याला.

कोर्टातून निवृत्त झालेला हा माणूस बोलायचा किती म्हणून सांगू! रामटेकच्या गडावर सुरू झालेली गोष्ट धंतोलीतल्या आमच्या ओसरीपर्यंत यायची आणि मध्ये तोंड उघडायची कोणाची बिशाद नव्हती. मी डी.एड. झालेली, लग्नाला तीन वर्षं झालेली. नोकरीचा विषय काढला, की पहिल्याच वाक्याला "अवं सुमन, ऐक तं..." म्हणून ते भलतीकडेच निघायचे. मी मनातल्या मनात चरफडायची आणि भाजी चिरायला बसायची.

मग त्यांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी दिली. पहिल्या खेपेला मामाजींनी ती लवंगेसारखी कडकन चावली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि त्या डॉक्टरचीच गोष्ट सांगत बसले. दुखणं कसलं थांबतंय! डॉक्टर असे तापले... मलाच समोर बसवून बजावलं. आधी खुर्चीत बसवायचं, उभं राहिलं तर चक्कर येते. गोळी जिभेखाली ठेवायची, चावायची नाही, गिळायची नाही, पाणी द्यायचं नाही. डोकं ठणकलं तरी घाबरायचं नाही. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर दुसरी, आणि तरीही नाही तर सरळ दवाखाना. "आणि गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही, समजलं?"

तेव्हापासून गोळी ठेवली, की मी समोर स्टुलावर बसायची. मामाजी गप्प! घरात असं कधी घडलंच नव्हतं. एकदा दुखणं उतरलेलं दिसलं आणि मला राहवलं नाही. शाळेत जागा निघाली आहे, मला जायचं आहे, घरात बसून जीव उबगला... सगळं बोलून टाकलं. ते डोळे वटारून बघत राहिले, तोंड मात्र मिटलेलं. पुढच्या खेपेला उरलेलं सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला, "केव्हा रुजू व्हा लागते तुले?"

ते गेले त्या दिवशी सासूबाईंनी दोन गोळ्या अगदी नीट दिल्या, रिक्षाही आणली, पण दवाखान्याच्या दारातच... मी शाळेत होते. तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. आजारी माणसाचं तोंड बंद आहे हे बघून मी माझं साधून घेतलं. नाही म्हणायची सवडच दिली नाही त्यांना.

गेल्या रविवारी त्यांची खुर्ची पुसताना सासूबाईंना हे सांगितलं आणि रडूच कोसळलं. सासूबाई चक्क हसल्या.

"अवं येडे, ते गोळी दोन मिनिटात विरघळे. तू तं घंटा घंटा बोलत राहे. तू चहा ठेवाले गेली तवा मी एक डाव त्यायले म्हटलं, आता तं बोला, काहून चूप बसले? तं मलेच दटावलं. म्हणे, 'चूप राय. मी बोललो तं सुमन थांबून जाईल.'"