कूलरवाल्याने बांधलेला रॅक

आमच्या गाण्याच्या पार्टीत मी बावीस वर्षं गिटार वाजवली आणि बावीस वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल कोणी एक चांगला शब्द काढला नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वऱ्हाडात चांगलं झालं की माणसं गप्प बसतात आणि वाईट झालं की चारचौघांत तोंडावर बोलतात. आमचा गायक तर त्यातला अर्क. पार्टी त्याचीच, कॉलेजपासूनचा माझा दोस्त, राहायला अमरावतीला. लग्नाच्या मांडवात, माइक चालू असताना, "अबे सूर कुठं अन् तू कुठं?" असं त्याने मला विचारलेलं आहे. त्यामुळे तो गप्प असला की मी समजायचो, ठीक चाललंय.

मी नोकरीमुळे अकोल्यात. एकाआड एक रविवारी सकाळची गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरायचं, ऑटोने त्याच्या घरी जायचं, दोन-तीन तास रिहर्सल, संध्याकाळी परत. पन्नाशीनंतर हे अंगावर येतं. सोमवारी कचेरीत खुर्चीवर टेकलो की कंबर आठवण करून द्यायची. तरी जायचो, कारण आठवडाभर फाइलींमागे बसणारा तो जो कोणी आहे, तो मला फारसा आवडत नाही. स्टेजवर डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा मात्र माझा मी होतो. ती जागा गेली असती तर माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नसतं. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रिहर्सल संपली, बाकीचे गेले, मी तार गुंडाळत होतो. गायक दारात उभा राहून म्हणाला, "तुया अँपले लय हमिंग येऊन राहिली. सारं गाणं खराब होते. असं असंन तर या जयंतीच्या प्रोग्रामले तू राहू दे बाप्पा. आराम कर."

जयंतीचा प्रोग्राम म्हणजे चौदा एप्रिलचा, आमचा वर्षातला सगळ्यात मोठा. लग्नाची सुपारी हुकली तरी चालते, जयंतीची नाही. माझ्या वस्तीतली, नात्यातली सगळी माणसं त्या दिवशी समोर बसलेली असतात. आणि अँप घूं करतो हे खरंच होतं. जुना डबा, आतला स्पीकर दोनदा बदललेला. मी म्हटलं, "एवढंच ना? करतो त्याचं काहीतरी." तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला आणि आत गेला.

गाडीत बसल्या बसल्या मी फोनवर व्हिडिओ लावले. तिथून या रॅकच्या भानगडीत पडलो.

रॅक म्हणजे, एका डब्यात जे सगळं कोंबलेलं असतं ते वेगळं करायचं. गिटारचा आवाज आधी घेणारा प्रीअँप वेगळा, त्याला गुंज-बिंज देणारा इफेक्टचा डबा वेगळा, ताकद देणारा पॉवर अँप वेगळा. प्रत्येकाची पुढची पाटी एकोणीस इंच रुंद. एका लोखंडी चौकटीत हे एकावर एक स्क्रूने बसवायचे आणि स्पीकर बाजूला ठेवायचा. व्हिडिओतला माणूस हे सगळं वीस मिनिटांत करून हात झटकतो. मला पाच महिने लागले.

प्रीअँप आणि पॉवर अँप नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुने घेतले. इफेक्टचा डबा ऑनलाइन मागवला. घरी जमिनीवर पसरून तारा जोडल्या तर काहीच वाजेना. दोन रविवार मी त्या तीन डब्यांसमोर मांडी घालून बसलो. शेवटी कळलं की जिथून आवाज बाहेर येतो तिथेच मी आत जाणारी तार खुपसली होती. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमी एवढं कावून करून राहिले? डॉक्टरनं आराम सांगतला ना?" मला साखर निघाल्यापासून आमच्या घरात प्रत्येक वाक्य शेवटी डॉक्टरवर जातं.

मग चौकट. तयार चौकट बाहेरून मागवण्यापेक्षा पत्र्याचं काम करणारा शोधावा असं मनात आलं, आणि अकोल्यात पत्र्याचं काम म्हणजे कूलर. जानेवारीत कूलरवाल्याला काम नसतं. माझ्या कागदावरचं चित्र त्याने उलटसुलट पाहिलं. मी सांगितलं, एकोणीस इंची सामान आहे. त्याने मान हलवली. आठ दिवसांनी चौकट तयार. मजबूत अँगल, बाजूच्या पत्र्याला कूलरसारख्या हवेच्या पट्ट्या, खाली चार पाय, आणि सगळ्याला निळा रंग.

"निळा कावून?" मी विचारलं.

"जयंतीत वाजोवता ना भाऊ? मंग दुसरा कोणता देऊ?"

घरी आणून प्रीअँप सरकवला तर तो धाडकन तळाशी. हात घालून काढावा लागला. पाटी एकोणीस इंच असते, पण ती आत जायची नसते. तिचे दोन कान चौकटीच्या काठांवर टेकून स्क्रूने आवळायचे असतात. म्हणजे आतली मोकळी जागा त्याहून कमी पाहिजे. कूलरवाल्याने आतून एकोणीस तर ठेवलेच, वर अर्धा इंच सूट दिली होती. परत घेऊन गेलो तर तोच माझ्यावर भडकला. "गरमीत पत्रा फुगते, म्हून अर्धा जास्त देला. सामान आत जाऊ नाही द्याचं तर डबा कायले पायजे?" त्याच्या धंद्यात त्याचं बरोबर होतं. पंखा असो की मोटर, सगळं आत बसतं. कानाचं मी सांगितलंच नव्हतं, कारण ते मलाही तेव्हाच कळलं होतं. त्याने कुरकुरत दोन्ही बाजूंनी पट्ट्या वेल्ड करून दिल्या. भोकं माझ्याकडून जुळेनात, तीही त्यानेच पाडली.

मार्च लागला. रॅक उभा राहिला. बटण दाबलं आणि हमिंग आली. आधी एक डबा घूं करायचा, आता तीन करत होते.

खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू येत होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंख्याखाली बनियन भिजलं होतं आणि समोर तो निळा कूलर घोंघावत होता. व्हिडिओत कोणीतरी सांगितलं होतं की अर्थिंगच्या पिनला चिकटपट्टी लावा, आवाज जातो. लावली. आवाज बराच कमी झाला, पण गिटारच्या तारांना हात लावला तर मुंग्या आल्यासारखं झालं. मी "आयाया" म्हणून हात झटकला तशी बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने थेट मेन स्विच पाडला.

"मले विधवा करून राहिले का तुमी?"

पट्टी काढायला लावली. मग रॅककडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, गरमीत आपला फ्रिज झटका मारते तवा मी काय करतो?"

ती काय करते हे मला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत फ्रिजने झटका मारलेला मला आठवत होता, तो थांबला कसा हे कधी विचारलं नव्हतं. घराच्या मागे, मोरीच्या पाइपाजवळ, अर्थिंगचा खड्डा आहे. कोळसा आणि मीठ भरून त्यात तार पुरलेली असते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तिथली माती हाडासारखी सुकते आणि मग तार असून नसल्यासारखी होते. ती दरवर्षी तिथे पाणी ओतते. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे चांगलं पाणी द्यायला तिचा जीव होईना. कपडे खळबळलेलं पाणी तिने दोन बादल्या भरून दिलं. मी ओतलं. जमीन सुरसुर करत प्यायली. सगळ्या डब्यांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले, रॅक चालू केला आणि दोघं ऐकत बसलो. हमिंग बसत बसत गेली. शेवटी फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज राहिला.

"झालं," ती म्हणाली आणि कामाला गेली. मी तिला थँक्यू म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

जयंतीच्या आधीच्या शेवटच्या रिहर्सलला मी रॅक गाडीत घातला. हमालाने आणि मी मिळून जनरलच्या दारात चढवला. मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईने त्यावर पिशवी ठेवली आणि विचारलं, "कूलर कोठून घेतला जी?" मी अकोल्याहून म्हणालो. खोटं तर काही नव्हतं.

जोडायला वेळ लागेल म्हणून गायकाने मला इतरांच्या तासभर आधी बोलावलं होतं. गेल्या गेल्या मी विचारलं, तुझा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे. त्याने वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या, तारा जोडल्या, बटण दाबलं. खोलीत काहीच आवाज आला नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत थाप मारली.

"आयक आता," मी म्हणालो आणि जयंतीच्या पहिल्या गाण्याचा मधला पीस घेतला. तो पीस मी बावीस वर्षं वाजवतोय.

आवाज आरशासारखा होता. एकेक सूर सुटा. आणि तिसऱ्या ओळीत माझं करंगळीशेजारचं बोट मागे राहिलं. मला वाटलं चुकून झालं. परत घेतलं. परत मागे राहिलं, आणि आता करंगळीही धड दाबत नाही हे ऐकू आलं. हळू घेतलं. हळू घेतलं तर जास्तच कळत होतं. साखरेमुळे डॉक्टर दर खेपेला बोटांना मुंग्या येतात का विचारायचा आणि मी हाताचं सोडून पायाच्या बोटांचं उत्तर द्यायचो. जुन्या डब्याच्या घोंघाटात हे सगळं खपून गेलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

गायक खिडकीकडे तोंड करून उभा होता. "अँप झकास झाला," तो म्हणाला.

मी त्याला ओळखतो. असं वाजवल्यावर त्याने माझी आय-माय काढायला पाहिजे होती.

"हात मांगं राहून राहिला ना माया?" मी विचारलं.

तो वळला नाही. "तुले आता आयकू आलं?"

"तुले कधीचं येते?"

"दोन वर्सं झाले."

"मंग अँपचं कावून सांगतलं बे?" माझा आवाज चढला होता. "पाच महिने मी घासून राहिलो. साऱ्या गावासमोर मले शिव्या देल्या तू, तवा लाज नाई वाटली. अन् हे एक सांगाचं होतं ते सांगतलं नाई?"

"मले वाटलं तू म्हणशीन, जाऊ दे, बसतो घरी, आता या वयात कोन एवढं करते." तो खाली बसला. "काय सांगू तुले? अँप बदलता येते, म्हून अँपचं सांगतलं."

मला त्याचा भयंकर राग आला होता. त्याहून जास्त लाज वाटत होती. त्याच्या तोंडून उभ्या जन्मात एकदा आडून बोलणं निघालं आणि नेमकं तेच मी शब्दशः घेतलं.

मी गिटार गळ्यातून काढून रॅकला टेकवली. मग मी म्हणालो, तो पीस कीबोर्डवर दे. कीबोर्ड वाजवणाऱ्या बाई शाळेत शिक्षिका आहेत, तीन वर्षांपासून पार्टीत, गायकाला सर म्हणतात. हाताच्या पक्क्या. तो म्हणाला, "मी नाई सांगत तिले. तुले सांगाचं असंन तर तू सांग." आणि चहाच्या निमित्ताने आत निघून गेला.

मीच फोन लावला. त्या घरून निघतच होत्या. मी सांगितलं की यंदा जयंतीला मधला पीस तुम्ही घ्या, माझं बोट साथ देत नाही. आठ-दहा दिवसच हातात आहेत, बसवायला अवघड जाईल, हवं तर मी फोनवरच एकेक ओळ गाऊन दाखवतो.

पलीकडे दाराला कुलूप लावल्याचा आवाज आला.

"गायची गरज नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला येतो तो. सरांनी गेल्या वर्षीच माझ्याकडून बसवून घेतला होता. पण तुम्ही येता आहात तोवर वाजवायचा नाही, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी."